व्हॅटपासून जीएसटीपर्यंत : मोंढ्यातून, शेतातून आणि दुकानातून येणारे प्रश्न

जालन्यात करसल्ल्याचं काम करताना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही फोनवर येतात, काही व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो काढून, तर काही थेट पिशवीत पावत्या भरून. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. दर २२ सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतरचे आहेत.

१. विक्रीकर, व्हॅट, जीएसटी ही तीन नावं कशासाठी? कर तर एकच द्यायचा ना?

विक्रीकर म्हणजे विकलेल्या मालाच्या पूर्ण किमतीवर कर. आधीच्या टप्प्यावर काय भरलं याचा तो फारसा हिशोब ठेवत नसे. मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट. यात प्रत्येक व्यापारी आपण मालात जेवढी भर घातली तेवढ्यापुरताच कर भरतो, खरेदीत दिलेला कर त्याला वजा मिळतो. जुने लोक याला अजून सेट-ऑफ म्हणतात, नवे आयटीसी (इनपुट टॅक्स क्रेडिट) म्हणतात. जीएसटी हाही मूल्यवर्धित करच आहे. फरक इतका की व्हॅट राज्याचा आणि फक्त मालावर होता, जीएसटी केंद्र व राज्य दोघांचा आणि सेवेवरही आहे. ही कल्पना १९५४ मध्ये फ्रान्समध्ये मोरीस लोरे या अधिकाऱ्याने अमलात आणली.

२. वजावटीची साखळी आकड्यांत समजावून सांगा.

आपल्या जालन्याचंच लोखंड घेऊ, कर १८ टक्के. नोंदणीकृत भंगारवाल्याने १,००० रुपयांचं भंगार मिलला विकलं, वर १८० कर लावला आणि तो भरला. मिलने सळई करून १,६०० ला दुकानदाराला दिली. कर २८८ झाला, त्यातून आधीचे १८० वजा करून मिलने १०८ भरले. दुकानदाराने १,८०० ला घर बांधणाऱ्याला विकली. कर ३२४, वजा २८८, दुकानदाराने भरले ३६. एकशे ऐंशी, एकशे आठ आणि छत्तीस मिळून ३२४. म्हणजे शेवटच्या किमतीच्या बरोबर १८ टक्के. घर बांधणाऱ्याने दिले २,१२४.

आता वजावट नाही असं धरा आणि तिघांनी तेवढाच आपापला नफा मिसळून पूर्ण किमतीवर १८ टक्के लावले. मग हीच सळई २,७१४ च्या पुढे जाते. वरचे ५९० रुपये म्हणजे करावर चढलेला कर. व्हॅट आणण्यामागचं मूळ कारण हेच आहे.

दुसरं कारण कमी बोललं जातं, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. खरेदीदाराला वजावट हवी असते म्हणून तोच विक्रेत्याकडे पक्कं बिल मागतो. ज्या देशात तपासायला अधिकारी थोडे, तिथे एक व्यापारीच दुसऱ्यावर लक्ष ठेवतो. पण यात एक अट लपलेली आहे. साखळीतली एक कडी निसटली की त्याचा भार पुढच्यावर पडतो. या पानावरचे निम्मे प्रश्न त्या निसटलेल्या कडीचेच आहेत.

३. महाराष्ट्रात व्हॅट कधी आला? तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद का पाळले होते?

राज्याचा कायदा २००२ चा, अंमलबजावणी १ एप्रिल २००५ पासून. त्याआधी १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा होता. देशात पहिलं राज्य हरियाणा, एप्रिल २००३. उत्तर प्रदेश तर थेट २००८ मध्ये आला. राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या अधिकारप्राप्त समितीचे अध्यक्ष पश्चिम बंगालचे असीम दासगुप्ता होते. त्यांच्या समितीने जानेवारी २००५ मध्ये श्वेतपत्रिका काढली आणि मुख्य दर ठरले ४ व १२.५ टक्के. राज्यांचं उत्पन्न घटलं तर केंद्राने पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी ७५ आणि तिसऱ्या वर्षी ५० टक्के भरून द्यायचं कबूल केलं. या हमीशिवाय राज्यं तयारच झाली नसती.

व्यापाऱ्यांची भीती खोटी नव्हती. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, तेव्हा लाल कापडी चोपडीत मुनीम हिशोब लिहायचे आणि दिवाळीला वहीपूजन व्हायचं. बिलाबिलाची नोंद ठेवून विवरणपत्र भरणं म्हणजे नवीन माणूस नेमण्याचा खर्च होता. मोठ्याला तो झेपला. छोट्याला जड गेला आणि आजही जातो.

४. इतर विकसनशील देशांत हा कर लोकांनी सहज स्वीकारला का?

सगळीकडे नाही. घानामध्ये मार्च १९९५ मध्ये व्हॅट आला, रस्त्यावर मोठी निदर्शनं झाली आणि काही महिन्यांत सरकारने तो मागे घेतला. पुन्हा आणला १९९८ च्या अखेरीस, कमी दराने. मलेशियाने एप्रिल २०१५ मध्ये जीएसटी आणला आणि २०१८ मध्ये रद्द करून विक्री व सेवा करावर परत गेला. बांगलादेशात १९९१ पासून आणि नेपाळमध्ये १९९७ पासून व्हॅट टिकून आहे. माझ्या मते लोकांना वेळ देऊन, समजावून सांगून आणि खालचा दर ठेवून सुरुवात केली तर कर टिकतो.

५. मी शेतकरी आहे. माल विकतो म्हणून मला जीएसटी नंबर घ्यावा लागेल का?

नाही. स्वतः, घरच्यांच्या कष्टाने किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून जमीन कसणाऱ्याला आपल्या शेतमालाच्या विक्रीसाठी नोंदणीची गरज नाही, उलाढाल कितीही असो. देगलूरचा शेतकरी माल तेलंगणात किंवा उदगीरचा बीदरला घेऊन गेला तरी हेच. ट्रॅक्टर-रोटाव्हेटर दुसऱ्याच्या शेतात मशागतीसाठी भाड्याने दिला तर त्या भाड्यावरही जीएसटी नाही. पण त्याच शेतकऱ्याने डाळमिल टाकली किंवा खताचं दुकान काढलं तर त्या धंद्यापुरता तो व्यापारी. मग प्रश्न १० पाहा.

६. म्हणजे शेतकऱ्याला जीएसटी लागतच नाही, असंच ना?

हा गैरसमज आहे आणि तो मला मनापासून खटकतो. शेतकरी कर भरतो, फक्त तो बिलावर दिसत नाही. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही, बैलाच्या औजारांवर नाही. पण खतावर ५, ठिबकवर ५, ट्रॅक्टरवर ५ (सप्टेंबर २०२५ पर्यंत १२) आणि रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के आहे. बोंडअळीसाठी कर सोडून हजाराचं औषध आणलं की १८० रुपये कराचे. दुकानदाराला त्याच्या खरेदीवरच्या कराची वजावट मिळते. शेतकऱ्याकडे नंबर नाही, म्हणून त्याला मिळत नाही. आपल्या मालाचा भावही तो ठरवत नाही, त्यामुळे हे १८० पुढे ढकलताही येत नाहीत. कागदावर तो साखळीच्या सुरुवातीला उभा, पण कर सोसतो शेवटच्या गिऱ्हाइकासारखा. डिझेलची गोष्ट आणखी वेगळी, ती प्रश्न १७ मध्ये.

यावर उपाय आहेत. काही देश शेतकऱ्याला विक्रीच्या किमतीवर ठरावीक टक्के भरपाई देतात. आपल्याकडे कीटकनाशकाचा दर तरी खताच्या बरोबरीला आणावा, असं मी मिळेल त्या व्यासपीठावर सांगत आलो आहे.

७. जिनिंगवर कापूस घातला. काटापट्टीवर "जीएसटी ५ टक्के" म्हणून रक्कम कापली. बरोबर आहे का?

चूक आहे. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर नोव्हेंबर २०१७ पासून उलट आकारणी (रिव्हर्स चार्ज, म्हणजेच आरसीएम) लागू आहे. म्हणजे कर खरेदीदाराने, जिनिंगवाल्याने, स्वतःच्या खिशातून रोखीने भरायचा आणि नंतर आपल्या रिटर्नमध्ये वजावट घ्यायची. त्याला तो परत मिळतो, त्यामुळे तुमच्या भावातून कापायचं कारणच नाही. पट्टी जपून ठेवा, फोटो काढून ठेवा आणि हिशोबनीसाला विचारा, "शेठ, हा आरसीएम आहे ना?" एवढा शब्द ऐकला की बऱ्याचदा पट्टी दुरुस्त होते.

८. मी खेड्यात फिरून कापूस विकत घेतो आणि जिनिंगला घालतो. मलाही प्रश्न ७ चा नियम लागू का?

नाही. तुम्ही तो पिकवलेला नाही, त्यामुळे तुमच्यासाठी उलट आकारणी नाही. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी नको. पण क्विंटलला ८,००० रुपये भाव धरला तर ५०० क्विंटललाच ४० लाख होतात. हंगामात दोन टेम्पो फिरवणाऱ्याला ते गाठायला दिवाळी ते संक्रांत पुरते. आणि नंबर घेतल्यावर शेतकऱ्याकडून केलेल्या खरेदीवरचा उलट आकारणीचा कर तुम्हालाच भरावा लागेल.

९. अडत्याच्या अडतीवर जीएसटी लागतो का?

शेतमालाच्या खरेदी-विक्रीसाठी अडत्याने घेतलेली अडत आणि बाजार समितीच्या सेवा करमुक्त आहेत. मालाचं वेगळं. सोयाबीन बियाण्याचं नसेल तर ५ टक्के, वाळलेली हळद ५ टक्के. वसमत-हिंगोलीच्या भागातून हळदीचा प्रश्न फार येतो : ओली हळद करमुक्त, शिजवून वाळवलेली ५ टक्के. अडत्या स्वतःच्या नावाने पुढे बिल काढत असेल तर कराची जबाबदारी त्याची.

१०. माझं किराणा दुकान आहे. ४० लाखांची मर्यादा नेमकी कशी मोजायची?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. मर्यादा करपात्र विक्रीची नाही, एकूण विक्रीची आहे. सुटी ज्वारी, डाळ, गूळ यांची विक्री ३४ लाख आणि साबण, तेल, बिस्किटं ८ लाख, म्हणजे एकूण ४२ लाख. नंबर घ्यावाच लागेल, कर मात्र ८ लाखांच्या मालावरच. दुकानात फक्त करमुक्त मालच विकत असाल तर उलाढाल कितीही असो, नोंदणी नको.

शिवाय ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. दुकानावरचा गाळा व्यवसायासाठी भाड्याने दिला असेल तर ती सेवा झाली आणि मर्यादा २० लाखांवर येते. वीटभट्टीवाल्यांनाही १ एप्रिल २०२२ पासून ४० लाखांची सवलत नाही, त्यांची मर्यादा २० लाख आणि कंपोझिशनही (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना) मिळत नाही.

११. दुकान देगलूरला आहे, गिऱ्हाईक तेलंगणातून येतं. वर्षाची विक्री १५ लाखच आहे. तरी नंबर लागतो का?

गिऱ्हाईक तुमच्या दुकानात येऊन माल घेऊन गेलं तर सहसा ती इथलीच विक्री. तुम्ही माल पलीकडच्या राज्यात पोहोचता केला तर ती आंतरराज्य विक्री, आणि करपात्र मालाच्या आंतरराज्य विक्रीला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. धर्माबाद, उदगीर, निलंगा, उमरगा या सीमेवरच्या छोट्या व्यापाऱ्यांना हा नियम फार जाचतो. पाच किलोमीटरवरचं गाव दुसऱ्या राज्यात आहे म्हणून पन्नास हजारांच्या ऑर्डरला नकार देणारे दुकानदार मी पाहिले आहेत. निजामाच्या काळातली करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी गेली, राज्यांचे चेकपोस्ट गेले, पण कागदावरची सीमा राहिली. ती छोट्यांसाठी सैल व्हायला हवी.

मालासोबत न्यायच्या ई-वे बिलाचं (वाहतुकीसाठी पोर्टलवरून काढायचा कागद) : राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, महाराष्ट्राच्या आत १ लाखाच्या वर.

१२. कंपोझिशन घ्यावं की नियमित नंबर?

उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल आणि गिऱ्हाईक मुख्यतः घरगुती असेल तर कंपोझिशन सोपं. व्यापारी व उत्पादकाला १ टक्का, हॉटेल-खानावळीला ५ टक्के. यात खरेदीची वजावट नाही, राज्याबाहेर विक्री करता येत नाही आणि गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. तुमचा माल दुसरे व्यापारी घेत असतील तर नियमित नंबरच बरा. कंपोझिशनवाल्याच्या बिलावर त्यांना वजावट मिळत नाही, म्हणून ते तुमच्याकडे फिरकायचे नाहीत.

१३. दुकानदार म्हणतो, "बिल हवं असेल तर जीएसटी वर लागेल." काय करू?

वस्तूवर एमआरपी छापली असेल तर कर त्यातच आला. वरून लावणं बेकायदा आहे. बिलावरचा जीएसटी नंबर पाहा : १५ अंक-अक्षरांचा, आपल्या राज्याचा असेल तर २७ ने सुरू होणारा. तो पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव आणि नंबर चालू आहे की रद्द, हे दिसतं. कंपोझिशनवाला असून बिलावर कर लावत असेल तर ते पैसे तुम्ही द्यायचे नसतात. पंप, इन्व्हर्टर, फ्रिज कच्च्या चिठ्ठीवर घेऊ नका. वॉरंटीच्या वेळी त्या चिठ्ठीला कुणी ओळख देत नाही.

१४. मी पूर्ण कर देऊन माल घेतला. समोरच्याने तो सरकारला भरला नाही. आता मला नोटीस आली आहे. दोष कुणाचा?

दोष त्याचा, भुर्दंड तुमचा. सध्याचा कायदा असाच आहे आणि मला तो अन्यायाचा वाटतो.

माझ्याकडे एक हार्डवेअरवाले काका आले होते. पिशवीतून त्यांनी पक्कं बिल, धनादेशाची नोंद असलेलं पासबुक आणि ट्रकची पावती काढून टेबलावर ओळीने मांडली. माल खरा, पैसे बँकेतून गेलेले. पुरवठादाराने मात्र रिटर्न भरलं नाही आणि पुढे त्याचा नंबर रद्द झाला. काकांना घेतलेली वजावट १८ टक्के व्याजासह परत करावी लागली. एकाच सळईवर त्यांनी दोनदा कर भरला. जाताना ते एवढंच म्हणाले, "मी बिल मागितलं हीच माझी चूक का?"

व्हॅटच्या काळातही हीच तरतूद होती. राज्याच्या तिजोरीत जेवढा कर प्रत्यक्ष जमा झाला तेवढीच वजावट. एका जिनिंग-प्रेसिंग उद्योगाने तिला आव्हान दिलं, पण २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

म्हणून आता करायचं ते असं. दर महिन्याच्या १४ तारखेनंतर पोर्टलवर जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची तुमच्या नावची यादी) उघडा आणि आपली खरेदीची बिलं त्याच्याशी ताडून पाहा. जे बिल तिथे नाही त्याची वजावट घेऊ नका, पुरवठादाराला लगेच फोन करा. नवीन पुरवठादार असेल तर कराची रक्कम त्याचं बिल दिसेपर्यंत रोखून ठेवा. मोंढ्यात आता ही रीत पडली आहे, कुणी वाईट वाटून घेत नाही. बिलाचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तरी वजावट परत करावी लागते, उधारीच्या धंद्यात हे लक्षात ठेवा. आर्थिक वर्षाची राहिलेली वजावट घ्यायची मुदत ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत.

१५. लातूरची तूरडाळ ३० किलोच्या कट्ट्यात करमुक्त आणि २५ किलोच्या कट्ट्यात ५ टक्के. हे खरं आहे का?

खरं आहे. १८ जुलै २०२२ पासून डाळी, धान्य, पीठ यांच्या २५ किलोपर्यंतच्या आधीच बांधून लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के कर आहे. त्याहून मोठा कट्टा करमुक्त. दुकानदाराने मोठा कट्टा फोडून सुटी डाळ तोलून दिली तरी कर नाही. म्हणूनच बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसू लागले. एका मोठ्या पोत्यात १० किलोची पाच पाकिटं घातली तर मात्र सुटका नाही, ती पाकिटंच धरली जातात.

ज्याच्या घरी महिन्याला दोन किलो डाळ लागते तो ३० किलोचा कट्टा घेत नाही. पाकीट घेणाऱ्या गरिबाला कर आणि कट्टा घेणाऱ्याला माफी, हे उलटं झालं आहे.

१६. आमच्या बचत गटाचे पापड ऑनलाइन विकायचे आहेत. नंबर लागेल का?

पापडावर कर शून्य आहे, फक्त पापडच विकत असाल तर नंबर नको. मसाले, चटण्या असे करपात्र पदार्थही असतील तर ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे : मर्यादेच्या आतल्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात ऑनलाइन मंचावरून विकताना नोंदणी लागत नाही, पोर्टलवरून फक्त एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. राज्याबाहेर पाठवलं की प्रश्न ११.

फोनवर पैसे घेतल्याने कर लागतो का, असंही ताई विचारतात. २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना यूपीआय जमेवरून नोटिसा गेल्या, तेव्हापासून ही भीती आहे. कर विक्रीवर लागतो, पैसे कसे आले यावर नाही. मात्र घरचे, उसनवारीचे आणि विक्रीचे पैसे एकाच खात्यात येऊ देऊ नका.

१७. जीएसटी आला तरी पेट्रोल-डिझेलवर व्हॅट कसा? परभणीत पेट्रोल इतकं महाग का?

पेट्रोल, डिझेल आणि दारू जीएसटीबाहेर आहेत, त्यांच्यावर राज्याचा व्हॅट आजही चालू आहे. तो राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार असल्याने कुठलंच राज्य सहज सोडत नाही. परभणीसाठी व्हॅटचा वेगळा दर नाही. तिथला भाव चढतो तो मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोपासूनच्या वाहतुकीमुळे. डिझेलवरच्या व्हॅटची वजावट जीएसटीत मिळत नाही, म्हणून ट्रकवाल्याचा आणि ट्रॅक्टरवाल्याचा तो कर भाड्यात आणि मशागतीच्या दरात मुरतो.

१८. २०१७ च्या आधीच्या व्हॅटची थकबाकीची नोटीस अजून येते. काय करावं?

आधी पाहा की त्या वर्षाची रक्कम एखाद्या अभय योजनेत माफ झाली आहे का. राज्याच्या २०२२ च्या योजनेत वर्षाला १० हजारांपर्यंतची आणि २०२३ च्या योजनेत २ लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली होती. माफ झालेल्या रकमेची नोटीस आली तर लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं दफ्तरी राहत नाही.

१९. दुकान बंद केलं, रिटर्न भरणं सोडून दिलं. आता धंदाच नाही, तर काय होईल?

नंबर चालू आहे तोवर विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावं लागतं आणि शून्य रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढतं. शून्य रिटर्न मोबाइलवरून एसएमएसनेही जातं. धंदा बंद करताना नंबर रद्द करण्याचा अर्ज करा, शिल्लक मालावर घेतलेली वजावट परत करा आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरा. खात्यानेच नंबर रद्द केला असेल तरी जीएसटीआर-१० चुकत नाही. मालक वारले असतील तर वारसाने मृत्यूचा दाखला जोडून हाच अर्ज करायचा. दुकान पुढे मुलगा चालवणार असेल तर आधी त्याच्या नावाने नवीन नंबर घ्या. मग जुन्या खात्यातली शिल्लक वजावट आयटीसी-०२ हा फॉर्म भरून त्याच्याकडे वळवा आणि त्यानंतरच जुना नंबर रद्द करायला टाका. हा क्रम उलटा झाला की ती शिल्लक अडकते.